शुभांगीस पत्र: पोरांच्या जेवणाविषयी

मिनेसोटा,
22 नोव्हेंबर 2025

प्रिय शुभांगी,

तुझं पत्र पोचलं. त्यातला एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय. "एवढा पैसेवाला देश, तिथं शाळेतल्या पोरांना फुकट जेवू घालायची वेळ का यावी?" मी इथं शाळेच्या जेवणाचं काम बघते, म्हणून हाच प्रश्न इथलेही लोक मला विचारतात. कधी शाळा मंडळाच्या बैठकीत, कधी दुकानात रांगेत उभी असताना. ते फक्त जरा फिरवून विचारतात, की ज्यांना परवडतं त्यांच्या पोरांना कशाला? आज शनिवार, बाहेर बर्फ भुरभुरतोय, वेळ आहे. तेव्हा नीट लिहिते.

आधी भुकेचं सांगते. ऑक्टोबरच्या 1 तारखेपासून केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं होतं, ते 12 नोव्हेंबरला सुरू झालं, हे तू बातम्यांत पाहिलं असशील. त्या भानगडीत गरीब घरांना किराण्यासाठी मिळणारे नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे वेळेवर आलेच नाहीत. शाळेचं जेवण चालू होतं, त्याला धक्का लागला नाही. पण सोमवारी सकाळी नाश्त्याच्या गाडीपाशी जे दिसलं ते सांगते. आमच्याकडे एक 'शेअर टेबल' असतं. ज्याला नको असेल त्यानं न फोडलेलं दूध, न उष्टावलेलं सफरचंद तिथं ठेवायचं, आणि ज्याला हवं त्यानं उचलायचं. एरवी दुपारपर्यंत त्यावर बऱ्यापैकी ढीग साठतो. त्या सोमवारी ते सकाळीच रिकामं झालं. चौथीतल्या एका मुलीनं दोन सफरचंदं उचलली, एक खाल्लं आणि दुसरं मोज्यात गुंडाळून दप्तरात खाली सारलं. धाकटा भाऊ अजून शाळेत जात नाही तिचा. ते मला तिच्या बाईंकडून नंतर कळलं. कॅफेटेरियातलं अन्न बाहेर नेऊ नये असा नियम आहे, पण त्या दिवशी आमच्या बायांपैकी कुणीही तिला हटकलं नाही. त्याचा मला अभिमान वाटतो.

तर या देशात भूक आहे. ती झोपडपट्टीत एका जागी गोळा झालेली दिसत नाही, म्हणून बाहेरून आलेल्याला कळत नाही. ती गाडीतून शाळेत येते, चांगला कोट घालून येते. थंडीचा कोट जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळतो; रोजचं दूध, फळं, मांस तसं मिळत नाही.

हा कार्यक्रम इथं जुना आहे. 1946 साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी भरतीला आलेली कितीतरी तरणीताठी पोरं लहानपणच्या कुपोषणामुळे नाकारली गेली होती, ती चिंता त्यामागे होती. शिवाय शेतकऱ्यांचा जादा माल सरकारला कुठंतरी खपवायचा होता. ते दुसरं कारण अजून जिवंत आहे: केंद्राकडून चीज, चिकन, डब्यातले पीच, घेवडा असा माल मला अजूनही मिळतो, आणि त्याची मागणी कितीतरी महिने आधी नोंदवावी लागते. सकाळचा नाश्ता मात्र मागून आला. 1966 मध्ये तो प्रयोग म्हणून सुरू झाला आणि थोड्याच शाळांपुरता राहिला. दरम्यान जानेवारी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका चर्चमध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी स्वतः चुली पेटवून पोरांना न्याहारी द्यायला सुरुवात केली. बघता बघता ते शहराशहरांत पसरलं, आणि सरकारची पंचाईत झाली. 1975 मध्ये सरकारी नाश्ता कायमचा झाला. त्याचं श्रेय वॉशिंग्टनइतकंच त्या चर्चमध्ये अंडी तळणाऱ्यांनाही आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण जेवण होतं म्हणजे सगळ्यांना सारखं होतं असं नाही. इथं पोरांच्या तीन जाती पाडलेल्या होत्या, आणि बऱ्याच राज्यांत अजून आहेत. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत घरचं उत्पन्न असेल तर फुकट. 130 ते 185 टक्के असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारचं जेवण फार तर 40 सेंटला. त्याच्या वर एक डॉलर जरी गेलात तरी पूर्ण किंमत. रांगेच्या शेवटी एक कीपॅड असतो. पोरानं त्यावर आपला नंबर दाबायचा, की पडद्यावर खात्यातली शिल्लक दिसते. शिल्लक नसेल तर उधारी चढते.

मी दुसऱ्या एका राज्यात, एका शाळेच्या स्वयंपाकघरात पहिली नोकरी धरली, तेव्हा त्या कीपॅडपाशी उभी असायचे. पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. दुसरीतला एक मुलगा ट्रे घेऊन आला. गरम पास्ता, हिरव्या शेंगा, दूध. पडद्यावर लाल आकडा. नियम असा होता की उधारी ठरावीक रकमेच्या वर गेली की गरम जेवण द्यायचं नाही, चीजचं थंड सँडविच द्यायचं. आणि एकदा वाढलेला ट्रे पुन्हा रांगेत ठेवता येत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. माझ्या शेजारच्या बाईनं त्याच्या हातातला ट्रे घेतला, त्याच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात पालथा केला आणि कागदी पिशवीतलं सँडविच त्याच्या हातावर ठेवलं. मागे पंधरा-वीस पोरं उभी होती. सगळ्यांनी पाहिलं. तो पुढचे कित्येक दिवस रांगेत आलाच नाही, लायब्ररीत जाऊन बसायचा. सातेक वर्षांच्या पोराला भुकेपेक्षा लाज जास्त लागते, शुभांगी. हे एकदा पाहिलं की 'ज्यांना परवडतं त्यांना कशाला' या प्रश्नाकडे आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

फिलँडो कॅस्टिलचं नाव तू ऐकलं असशील, जुलै 2016 मध्ये इथं पोलिसानं गाडी अडवून गोळ्या घातल्या तो. तो सेंट पॉलमधल्या जे. जे. हिल शाळेत कॅफेटेरिया सांभाळायचा, हे मात्र बाहेर कमी जणांना ठाऊक असतं. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते त्याच्या लक्षात असायचं, आणि एखाद्याच्या खात्यात पैसे नसले तर तो आपल्या खिशातून भरायचा. तो गेल्यावर लोकांनी त्याच्या नावानं पैसे गोळा करून सेंट पॉलच्या पोरांची जेवणाची उधारी फेडली. मला हे आठवलं की गलबलून येतं, आणि रागही येतो. पोरानं जेवावं म्हणून वाढणाऱ्यानं आपल्या पगारातून भरावं लागतं, ही व्यवस्था कसली?

कोविडच्या काळात केंद्रानं अटी शिथिल केल्या आणि देशभरातल्या पोरांना फुकट जेवण मिळालं. जून 2022 मध्ये ते संपलं. पण दोन वर्षं ते करून झालं होतं, आभाळ कोसळलं नव्हतं. कॅलिफोर्निया आणि मेननं लगेच आपापल्या राज्यात ते कायम केलं. आमच्याकडे मार्च 2023 मध्ये गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी सही केली, आणि त्या वर्षीच्या शाळा उघडल्यापासून प्रत्येक पोराला एक नाश्ता आणि एक जेवण फुकट. बापाचं उत्पन्न कितीही असो.

सगळ्यात जास्त फरक मला मोठ्या पोरांत दिसला. हायस्कूलची पोरं आधी नाश्त्याला फिरकायची नाहीत, कारण नाश्ता म्हणजे गरिबांचा, असा शिक्का होता. आता फुटबॉल टीमची पोरं आणि त्यांच्या मागे स्नॅपवाल्या घरांतली पोरं एकाच गाडीवरून मफिन, सफरचंद आणि दूध उचलून वर्गात जातात. कोण कुठल्या घरचं, ते कुणाला कळत नाही. मला 'फुकट'पेक्षा 'सगळ्यांना' महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. कीपॅड अजून आहे, कारण जेवणं मोजावी लागतात, पण पडद्यावर लाल आकडा येत नाही. आणि वाढणाऱ्या बाईला आता पोराच्या चेहऱ्याकडे बघायला फुरसत आहे.

आता पैशाचं. जेवलेल्या प्रत्येक 'फुकट' पोरामागे केंद्र साधारण साडेचार डॉलर देतं. त्यातच धान्य, दूध, बायांचा पगार, वीज, ओव्हनची दुरुस्ती, सगळं. पूर्ण किमतीच्या पोरामागे केंद्र अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी देतं, मग उरलेलं राज्य भरतं. म्हणजे पोरांसमोर जाती मिटल्या तरी हिशेबाच्या वहीत त्या आहेतच. म्हणून दर सप्टेंबरला मी पालकांच्या मागे लागते, की अर्ज भरा. ते म्हणतात, आता जेवण फुकट आहे ना, मग अर्ज कशाला? त्यांचं खरं आहे. पण तो अर्ज आला नाही तर शाळेला मिळणारा जादा शिक्षकांचा पैसाही कमी होतो, हे त्यांना दारोदार समजावत बसावं लागतं. स्नॅप किंवा मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीत असलेली पोरं अर्जाविना आपोआप मोजली जातात. मात्र यंदा 4 जुलैला सही झालेल्या कायद्यानं स्नॅपच्या अटी कडक केल्या आहेत. एखादं घर त्या यादीतून गळलं की त्या घरची पोरं माझ्या आकड्यातूनही गळणार, पोटं मात्र तेवढीच राहणार. इथल्या विधिमंडळातही, खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला, आता उत्पन्नाची मर्यादा घाला, असा सूर निघतो. खर्च जास्त झाला कारण पोरं जास्त जेवली! योजना फसली याचा हा पुरावा कसा होतो, ते मला कुणी समजावून सांगावं.

स्वयंपाकघरात आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. जेवणात पाच गोष्टी असाव्या लागतात: प्रथिनं, धान्य, भाजी, फळ, दूध. पोरानं त्यातल्या निदान तीन घेतल्या, आणि त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी असली, तरच ते जेवण 'मोजलं' जातं. नाश्त्याच्या सीरियलमध्ये, म्हणजे दुधात घालून खायच्या तयार धान्यात, साखर किती, त्याचीही यंदा जुलैपासून मर्यादा आली, ती मला पटते. सोमाली पोरं बरीच आहेत आमच्याकडे, त्यामुळे डुकराचं मांस ज्यात असेल त्यावर मेन्यूत खूण करतो आणि शेजारी दुसरा पर्याय ठेवतो. परवाच थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं, त्यात हलाल चिकन मागणाऱ्यांची रांग टर्कीच्या रांगेइतकीच लांब होती. सगळ्यात जास्त वाद घालते मी बर्फाच्या दिवसांवरून. शाळा दोन तास उशिरा भरणार असं पहाटे ठरलं, की पहिला विचार येतो नाश्ता रद्द करायचा. मी म्हणते, उशीर झाला म्हणून पोरांची भूक कमी होत नाही, उलट बसथांब्यावर उणे वीसमध्ये उभं राहून ती जास्त लागते. यंदापासून उशीर झाला तरी नाश्ता द्यायचाच, हे मंडळाकडून लेखी घेतलंय मी.

तू तुझ्या शाळेबद्दल लिहिलंस, की खिचडीत भाजी घालायला पैसे पुरत नाहीत, अंड्यांचा निधी सरकारनं बंद केला, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन तुटपुंजं. वाचून वाईट वाटलं. शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळीत पहिली ते पाचवीच्या पोराचं भागवायचं, हे मला इथं बसून सांगता येणार नाही कसं करावं ते. पण एक गोष्ट मी इथं लोकांना हटकून सांगते. माझ्या मैत्रिणीच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवीची सगळी पोरं एका पंगतीत बसतात, कुणाच्या बापाचं उत्पन्न कुणी विचारत नाही. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, तो सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पोरासाठी दिला. पाटलाचं पोर आणि वाड्यावरच्या गड्याचं पोर शेजारी बसून जेवतं, तेही आपल्याकडे, जिथं कुणी कुणाच्या शेजारी जेवायचं यावर गावं फुटायची. तुमच्या ताटात कमी पडतं, ते वाढवून घ्यायला भांडायलाच हवं. पण जे तुमच्याकडे पहिल्यापासून आहे, त्यासाठी इथं राज्याराज्यांत अजून झगडा चालू आहे.

आता तुझ्याकडे एक काम. जानेवारीत मला मूगडाळीची खिचडी मेन्यूवर आणायची आहे. डाळ इथं प्रथिनांत धरता येते, तांदूळ धान्यात, त्यामुळे नियमात बसते. अडचण कृतीची. इथं प्रत्येक पाककृती वजनानं लिहावी लागते. 'चवीपुरतं मीठ' चालत नाही, कारण आठवड्याच्या सोडियमचा हिशेब द्यावा लागतो. घरच्या पातेल्याचं प्रमाण नुसतं पन्नासपट केलं तर मोठ्या केटलमध्ये पाणी जास्त होतं, लगदा होतो, हे आम्ही करून पाहिलंय. तुझ्या ताई इतकी वर्षं मोठ्या पातेल्यात करतायत. त्यांना विचार, दहा किलो तांदळाला डाळ किती, पाणी किती, ते गरम घालतात की गार, आणि मीठ कधी घालतात. हातानं घालत असतील तर एक दिवस वजनकाट्यावर मोजून घे. चव बघण्याचा दिवस 14 जानेवारी ठरलाय, संक्रांतीचाच, त्यामुळे डिसेंबर संपायच्या आत कळव. ताईंना माझा नमस्कार सांग, आणि कृतीवर त्यांचं नाव घातलं तर चालेल का तेही विचार.

तुझी,
मंगल