सगळ्यांच्या मागून येणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

सायकल राइडच्या समारोपात सगळ्यांचे आभार मानले गेले. आयोजकांचे, देणगीदारांचे, डॉक्टरांचे, सपोर्ट व्हॅनच्या चालकांचे, सगळ्यांत आधी पोचलेल्यांचेही. तुमचा उल्लेख झाला तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात, अजून रस्त्यावरच होतात. शेवटचा रायडर आत आल्याशिवाय स्वीपने आत यायचं नसतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हांला ते आवडणार नाही. तुमच्यासोबत जे मागे होते त्यांना ते वेगळं सांगायची गरजही नाही.

ज्यांनी अशी राइड केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लांब पल्ल्याच्या ग्रुप राइडला एक जण मुद्दाम सगळ्यांत मागे ठेवतात, त्याला स्वीप म्हणतात. त्याच्या मागे आपला एकही माणूस उरता कामा नये, एवढीच व्याख्या. टूर डी फ्रान्ससारख्या शर्यतीत हे काम एक गाडी करते. १९१० पासून ती तिथे आहे आणि तिचं नावच झाडूगाडी. दमलेल्याला, वेळेत न बसणाऱ्याला ती उचलून घेते. शर्यतीत ते ठीकच आहे. पण निधी जमवायला निघालेल्या राइडमध्ये स्वीपने नेमकं काय करायचं, हे मला तुमच्याकडे बघून कळलं. माणूस उचलून गाडीत बसवणं सोपं असतं. त्याला सायकलवर टिकवायला फार वेळ आणि फार जीव लागतो.

ते पंक्चर तुम्हांला आठवतही नसेल, तुमच्यासाठी ते कितवं तरी होतं. मागचं चाक बसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही सायकल उलटी केलीत, चाक काढलंत आणि टायर लिव्हर माझ्या हातात दिलेत. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरच्या कुठल्या अक्षरासमोर आहे ते बघून ठेवायला सांगितलंत. ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं, मग ट्यूब टायरशेजारी तशीच धरली, आणि टायरमध्ये दोष कुठे असणार ते बरोबर कळलं. ‘आता आतून बोट फिरवा, पण हळू,’ असं तुम्ही म्हणालात. बोटाला टोचली ती केसाएवढी बारीक तार. ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या तारांचे असे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि सायकलस्वार नेमका कडेनेच जातो. ती न काढता नवी ट्यूब घातली असती तर थोड्या अंतरावर पुन्हा तेच. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात दोन फुंका हवा भरायची, म्हणजे ती पिळवटत नाही आणि रिमखाली चिमटत नाही, हेही तेव्हाच शिकले. तुम्ही एकटीने ते निम्म्या वेळात केलं असतंत. उशीर होत होता, ऊन चढत होतं, तरी तुम्ही माझ्या हातून करून घेतलंत. पुढे एका तरुण रायडरचं चाक बसलं तेव्हा त्याला ते मी करून दाखवलं, आणि तुम्ही शांतपणे बाजूला उभ्या होतात.

माझी करंगळी आणि अनामिका बधिर होत आहेत हे मी कुणाला बोलले नव्हते. मी सारखा हात झटकते हे तुम्हांला मागून दिसलं. तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस हँडलबारवर तासन्‌तास दाबली गेली की असं होतं, म्हणालात, आणि सीटकडे बघितलंत. सीटचं नाक खाली झुकलं होतं, त्यामुळे मी सतत पुढे घसरत होते आणि सगळा भार हातांवर येत होता. ॲलन कीने दोन वेळा बोल्ट फिरवला, सीट समपातळीत आली. कोपर किंचित वाकवून धरा, पकड बदलत राहा, असं सांगितलंत. संध्याकाळपर्यंत बोटांत जीव परत आला होता.

मग तो समोरचा वारा. मोकळं माळरान, आडोसा नाही, आणि आमची छोटी टोळी एकमेकांपासून तुटत चाललेली. नियमाने तुम्ही मागेच राहायचं. पण मागची जागा तेवढ्यापुरती दुसऱ्या स्वयंसेवकाला देऊन तुम्ही पुढे आलात, आणि म्हणालात, माझ्या मागच्या चाकाला चिकटून या. आपला वेग कमी असला तरी वारा समोरून असला की हवेच्या लेखी आपण जोरातच जात असतो, त्यामुळे पुढच्याच्या आडोशाने मागच्याची बरीच ताकद वाचते. ती ताकद पुढचा खर्च करत असतो. खड्डा आला की तुमचा हात खाली जायचा, थांबायचं असलं की तळवा मागे दिसायचा, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून तुम्ही आम्हांला मोजायच्या. पेडल जोरात दाबू नका, गिअर हलका करा आणि पाय भरभर फिरू द्या, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता चढ दिसला की आपोआप गिअर बदलतो.

पाण्याच्या थांब्यावरची मुलं आवराआवर करू लागली होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही आधीच फोन केला होतात, ‘अजून काही जण यायचे आहेत, टेबल हलवू नका.’ आम्ही पोचलो तेव्हा पाणी होतं, मीठ-साखरेचं पाणी होतं, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर ‘किती हा उशीर’ असं नव्हतं. उन्हात तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून बाटली भरताना मीठ-साखरेचं पाणी घेतलं का, असं एकेकीला विचारत होतात.

मागच्यांना सरळ व्हॅनमध्ये घाला, सगळ्यांचा वेळ वाचेल, असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांचंही कारण मी समजू शकते. अंधाराच्या आत पोचायचं असतं, रस्त्याच्या परवानगीला वेळेची मर्यादा असते. पण ही राइड थॅलेसेमिया असलेल्या मुलांसाठी होती. माझ्या भाचीला तो आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून शरीरात साठत जाणारं लोह काढायला औषध सतत घ्यावं लागतं, त्यात खंड पडून चालत नाही. माझ्या ओळखीच्यांनी पैसे दिले ते मी कधी सायकलवर लांब गेलेली नाही हे माहीत असूनच. ‘तू जाणार आहेस ना, मग घे,’ असं म्हणून दिले. पहिल्या आलेल्याच्या देणगीदारांइतकाच त्यांचाही माझ्यावर विश्वास होता. हळू चालणारे वगळले तर अशा राइडला उरतात फक्त सरावलेले लोक, आणि निधीही फक्त त्यांच्याच ओळखीत फिरत राहतो. तुम्ही आमच्यामागे राहिलात म्हणून आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, सहकाऱ्यांचा पैसा त्या मुलांपर्यंत मानाने पोचला. माझ्या मते हे काम सगळ्यांच्या पुढे वाट दाखवत पायलट म्हणून जाण्याहून तसूभरही कमी नाही.

चढावर मी भाचीबद्दल बोलत होते तेव्हा तुम्ही सल्ला दिला नाहीत. तिला काय आवडतं, एवढंच विचारलंत. चित्रं काढायला, म्हटलं. मग चढ संपेपर्यंत आपण तिच्या चित्रांबद्दलच बोललो. कुणी तिच्या आजाराखेरीज तिच्याबद्दल विचारतं हे किती विरळा असतं, ते तिच्या घरच्यांनाच माहीत.

ताई, मनापासून आभार. पुढच्या राइडला स्वीपच्या जोडीला आणखी एक माणूस हवा आहे असं आयोजकांनी कळवलंय आणि मी नाव दिलंय. पंक्चर आता जमतं, सीटही बघता येईल. तुटलेली चेन जोडणं अजून नीट येत नाही. चेन टूल आणलंय, जुन्या चेनवर हात बसवते आहे, पण पिन सरळ आत जायला मागत नाही. सवडीने एखादी सकाळ द्याल का? तुम्ही म्हणाल तिथे सायकल घेऊन येईन.

आपली,
मागच्या गटातली एक सायकलस्वार