आमच्या ८००ला वाइडबँड बसवून देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल गं, त्यात काय" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेवून दाखवा!

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबांची १९९४ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, इंदूरच्या रामबागेत अजून रोज निघते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागलं तसं हिचं चालणं बिघडलं, चौथ्यात हलका पाय ठेवला की झटके, प्लग काढले तर पांढरे फटक. मेकॅनिक लोक कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवायचे आणि "हो गया भिया, ले जाओ" (मुलगी समोर उभी असली तरी भियाच). मला हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा बघायचा होता. तेव्हा आमच्या गल्लीतले हे काका, पीथमपूरच्या कारखान्यात आयुष्यभर इन्स्ट्रुमेंट सांभाळून रिटायर झालेले, म्हणाले की वाइडबँड लाव (धुरातल्या ऑक्सिजनवरून ते प्रमाण आकड्यात दाखवणारा सेन्सर आणि मीटर), पण माझ्याशिवाय काही मागवू नकोस.

बरं झालं ऐकलं. मी रंगीत लाइट नाचवणारा एक स्वस्त मीटर बघून ठेवला होता, तो नॅरोबँडचा निघाला. त्याचा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारतो, रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते नाही. तुम्ही म्हणालात, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेलाच घे, जुना ४.२ नको, कारण ४.२ला बाहेरच्या हवेचा रेफरन्स लागतो, ४.९ला ती भानगड नाही. शेवटी एईएम कंपनीचा ५२ एमएमवाला मीटर घेतला, आणि तो कनेक्टर कापून वायर लांब करायची नाही म्हणून तुम्ही जो दम दिलात तो माझ्या लक्षात राहील, कारण कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्या कनेक्टरच्या आतच बसवलेला असतो आणि तो गेला की मीटर आयुष्यभर थापा मारणार.

मग वेल्डिंग. वेल्डरला एक्झॉस्टच्या पाइपाच्या खालच्या बाजूला सेन्सरचा नट लावायचा होता, हात नीट पोचतो म्हणे. तुम्ही त्याच्याशी जी हुज्जत घातलीत ती मी चहा पीत ऐकली. थंड इंजिन सुरू झालं की एक्झॉस्टमध्ये पाणी जमतं, सेन्सर खाली असला तर ते थेट तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि सिरॅमिक तडकतं, म्हणून घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्येच, वरच्या बाजूला. तिन्ही सिलिंडरचा धूर जिथे एक होतो त्याच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) फार जवळ नाही. १८ एमएमचा, दीड पिचचा नट, आणि वेल्डिंग करताना सेन्सर खिशात! आणि गाडी चालू असताना सेन्सरला करंट नाही असं कधीच चालणार नाही, आत काजळी बसून मरतो, म्हणून काढून ठेवायचा असेल तर भोकाला बोल्ट. हीटर चांगलाच करंट खातो, म्हणून रिले आणि फ्यूज वेगळा, अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकला, रंग खरवडून.

पण ज्यासाठी खरं हे पत्र लिहितेय ते पुढचं आहे. मीटर लागल्यावर मी १४.७च्या मागे लागले होते, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं. तुम्ही मला कागदावर समजावलंत की साध्या पेट्रोलच्या एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला फक्त ९, आणि आपल्या २० टक्केवाल्याला जवळपास साडेतेरा. सेन्सर मात्र लॅम्डाच मोजतो (आत गेलेली हवा भागिले लागणारी हवा), मीटर त्याला १४.७ने गुणून दाखवतो, म्हणजे काचेवर १४.७ दिसलं तरी पाइपात साडेतेरा चाललेलं असू शकतं. म्हणून लॅम्डाच बघ म्हणालात, १ म्हणजे बरोबर, पेट्रोल कुठलंही असो. आणि त्याच हिशोबाने, जुनाच जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ठेवला तर नवं पेट्रोल ७-८ टक्के लीन जाणार, म्हणजे जेटच्या भोकाचा व्यास फक्त ४ टक्के वाढवायचा, क्षेत्रफळ आपोआप ८ने वाढतं. हे मला शाळेत कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

जेट बदलला. रस्त्यावर मस्त, १च्या आसपास, घाटात पूर्ण पाय दाबला की ०.८८. पण आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मीटर भलताच लीन दाखवायला लागला, आणि मी अजून मोठा जेट मागवणार होते. तुम्ही बोनेट उघडून नुसतं ऐकलंत आणि विचारलंत, इंजिन जोरात फिरलं की ठीक होतं ना? मग पेट्रोल कमी नाही, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय, सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत शिरतेय, आणि आयडलला धूर कमी असतो म्हणून तिथेच जास्त दिसतं. सकाळी थंड इंजिन सुरू करून साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आलेच. मिसफायरचंही (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटण्याचं) तसंच म्हणालात, न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडला की रिच गाडीसुद्धा लीन दिसते. उतारावर पाय सोडल्यावर मीटर कुठेही पळाला तरी बघायचं नाही. मीटर कधी खरा मानायचा आणि कधी नाही हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी गॅस्केटचा रोग जेट बदलून बरा करत बसले असते.

आता गाडी भेरू घाट तिसऱ्यात न अडखळता चढते. (गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक पीथमपूरलाच आहे, पण तिथे ८०० कोण घेऊन जाऊ देतंय!) बाबा आता सिग्नलला रस्त्याकडे कमी आणि मीटरकडे जास्त बघतात, ते तेवढं तुम्हीच त्यांना समजवा, माझं ऐकत नाहीत.

वेल्डरचे पैसे मी दिले, ते ठीक. पण तुमच्या कपाटातला तो रिले आमच्या गाडीत आहे आणि तो मी परत करणार नाहीये. त्याच्या जागी दोन नवे आणून ठेवलेत. रविवारी पोहे-जिलेबीला या, काकूंना घेऊन, तेव्हा देते.