लाकडी ताटली कातण्याआधी ओल बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वळीव झोडपून गेला की शहरात आंब्याच्या, रेनट्रीच्या फांद्या पडतात आणि नव्याने लेथ (लाकूड फिरवत कातायचे यंत्र) घेतलेली हौशी मंडळी त्यातला ओंडका उचलून घरी नेतात. ओले लाकूड पटाशीखाली काकडीसारखे सुटते, संध्याकाळपर्यंत ताटली हातात येते. आठवड्यात ती लंबगोल होते, कडेला चीर जाते आणि बोल लावला जातो लेथला. ‘एका दिवसात ताटली’ शिकवणाऱ्या वर्गांचे म्हणणे खोटे नाही, पण ते वाळलेल्या लाकडापुरतेच खरे.

वाळताना लाकूड वर्षवलयांच्या कडेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. म्हणून गोल गोल राहत नाही. तुकड्यात गाभा राहिला तर चीर तिथूनच फुटते. ओंडका गाभ्यातून उभा चिरावा, गाभ्याची पट्टी काढून टाकावी, टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासावा. १५ सेंमीची ताटली हवी असेल तर आधी १७ सेंमीची, भिंत पावणेदोन सेंमी जाड ठेवून ओबडधोबड कातावी आणि कागदी पिशवीत भुशासकट सावलीत ठेवावी. दर आठवड्याला वजन करावे. ते हलायचे थांबले की लाकूड वाळले, असे सगळे सांगतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र हा हिशेब फसतो. हवेतच इतकी ओल असते की वजन मध्येच थबकते, कधी चढतेही. श्रावणात ‘वाळली’ म्हणून पूर्ण केलेली ताटली उन्हाळ्यात वाकडी होते. दिवाळीनंतर पुन्हा तोलावी, मगच शेवटचा हात मारावा.

एवढा धीर नसेल तर टिंबर मार्केटमधून वाळलेल्या सागाचा ४ सेंमी जाड तुकडा आणावा. साग धार लवकर खातो, पण फारसा हलत नाही. फेसप्लेटचे, म्हणजे तुकडा लेथवर बसवायच्या चकतीचे, स्क्रू पुढे जी बाजू पोखरायची तिकडूनच मारावेत, म्हणजे भोके खोदाईत निघून जातात. आधी बाहेरचा आकार काढून तळाला ५ सेंमी व्यासाची, ५-६ मिमी उंच बैठक ठेवावी. मग ती चकमध्ये (लेथच्या जबड्यात) धरून आतून पोखरावे. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. उलटे गेले की लाकडाच्या रेषा उचकटतात.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत लोखंडावर हात बसलेल्यांना इथे सवय मोडावी लागते. तिथे टूल पोस्टमध्ये आवळलेले असते, इथे ते हातात असते. पटाशीची पाठ (धारेमागचा घासलेला उतार) आधी लाकडाला टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला भिडवायची. पाठ न टेकता धार घुसली की पटाशी हिसका मारते आणि तुकडा चकमधून उडतो. तोंडावर फेसशील्ड हवीच, हातमोजे मात्र अजिबात नकोत. टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) लाकडापासून एक-दोन सुतांवर (३ ते ६ मिमी) असावा आणि चालू करण्याआधी तुकडा हाताने एक फेरा फिरवून बघावा. सुरुवात मिनिटाला ५०० फेऱ्यांनी, थरथर गेली की १०००. आणि जुनी कानस घासून पटाशी करण्याची काटकसर नको. कानस ठिसूळ असते, हिसक्याने कडकन तुटते.

एका फेऱ्यात दोन ठिकाणी लाकडाच्या रेषांची टोके धारेसमोर येतात. खरखरीत चट्टे तिथेच पडतात. पॉलिश पेपर तासभर घासला तरी ते जात नाहीत. पटाशीला नवी धार लावून कागदासारखा पातळ शेवटचा कट घेतला की जातात.

शेवटी तेल. शेंगदाणा तेल वाळत नाही, खवट होते. ताटलीत खायचे ठेवणार असाल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, जादा तेल पुसावे आणि काही आठवडे वाळू द्यावे. पुसलेली चिंधी चुरगाळून भुशाच्या पोत्यावर टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर, दगडावर पसरून ठेवावी.

– एक कातारी, कोल्हापूर