बंड्यास पत्र: ‘स्मोक ऑन द वॉटर’बद्दल

पुणे

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. पोरगं गिटार शिकतंय आणि सकाळ-संध्याकाळ ‘स्मोक ऑन द वॉटर’ची तीच सुरुवात वाजवतंय, म्हणून वहिनी वैतागल्यात, हे समजू शकतो. पण पुढे तू जे ठोकून दिलंस, की ‘त्या गाण्यात त्या चार सुरांपलीकडे आहे काय?’, ते मला झोंबलं. म्हणून आता ऐक.

अरे, ते गाणं म्हणजे घडलेली बातमी आहे. डिसेंबर १९७१. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची पाच जणं स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी, माँत्रोला, नवा अल्बम करायला आली होती. तिथला कॅसिनो हिवाळ्यात बंद झाला की त्याच्या रिकाम्या सभागृहात वाजवायचं, असा बेत होता. त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रांनी भरलेला ट्रक, भाड्याने घेतला होता. मध्ये एकच कार्यक्रम उरला होता, ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा.

तो रंगात आला असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल, छताकडे झाडली. छताला वेताचं काम, मग काय! झॅपाने न घाबरता लोकांना बाहेर पडायला सांगितलं. माँत्रो जॅझ फेस्टिव्हल सुरू करणारा क्लोद नॉब्स धावपळ करून पोरांना बाहेर काढत होता. गाण्यातला ‘फंकी क्लोद’ तो हाच. कॅसिनो जळून खाक झाला, झॅपाचं सगळं सामान गेलं, पण जीव कुणाचाही गेला नाही. डोंगरावरून उतरलेल्या वाऱ्याने धूर सरोवरावर पसरला आणि पर्पलवाले हॉटेलातून ते बघत राहिले. पुढे एका सकाळी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर जागा झाला तो ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे पाण्यावरचा धूर, हे शब्द तोंडात घेऊनच. पण नाव नशेच्या गाण्याचं वाटतं, म्हणून आधी ते बाजूलाच पडलं!

आता ट्रक दारात उभा आणि वाजवायला जागा नाही. पॅव्हिलियन नावाचं जुनं थिएटर मिळालं. गिटार वाजवणाऱ्या रिची ब्लॅकमोरकडे एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, तयार होती, ती रात्री रेकॉर्ड केली. आवाज एवढा, की शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलीस बाहेरून दार ठोकतायत, बँडच्या माणसांनी आतून ते दाबून धरलंय आणि तिकडे रेकॉर्डिंग चालू आहे. तुझं पोरगं जे वाजवतं ना, ते त्या रात्रीचं. तेव्हा त्याला शब्दही नव्हते.

तिथून गाशा गुंडाळून मंडळी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात गेली. गार पडलेल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून आवाज अडवला. काय वाजवलं ते ऐकायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडून ट्रकपर्यंत जायचं. शेवटी कंटाळून त्यांनी ऐकणंच सोडलं. बाकीचा सगळा अल्बम तिथे झाला, तरी काही मिनिटं कमी पडत होती. तेव्हा पॅव्हिलियनचा तो ट्रॅक आठवला आणि ग्लोव्हरचं ते शीर्षकही. काय लिहायचं? जे झालं ते. कुठे आलो, कशाला आलो, आग कशी लागली, मग कुठे राहिलो. शाहीर पोवाड्यात गावाचं नाव, माणसाचं नाव आणि प्रसंग सरळ सांगतो, तसं. उपमा नाहीत की तत्त्वज्ञान नाही. मला तर गायक इयन गिलनच्या आवाजातला हा कोरडेपणाच आवडतो. त्या काळी रॉकवाले चेटकिणी नाहीतर अंतराळ यांच्याखाली बोलायला तयार नसायचे!

गंमत म्हणजे बँडला स्वतःला यात फारसं काही वाटलं नव्हतं. ‘मशीन हेड’ नावाने हा अल्बम मार्च १९७२ मध्ये आला, पण त्यांची भिस्त त्यातल्या ‘नेव्हर बिफोर’ या गाण्यावर होती. सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, तेच काढलं आणि ते यथातथाच चाललं. लोकांनी मात्र हे गाणं उचललं. ऑगस्टमधल्या जपानच्या कार्यक्रमांतून ‘मेड इन जपान’ हा अल्बम झाला, त्यातही ते आहे. शेवटी अमेरिकेत १९७३ मध्ये त्याचं सिंगल निघालं. साडेपाच मिनिटांवरचं गाणं रेडिओसाठी चार मिनिटांच्या आत छाटलं आणि ते बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता-यादीत ४थ्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता पोराच्या कामाचं. तो पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, घेऊन जाडजूड कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) बडवत असणार, म्हणून तुमचं डोकं उठतं. ब्लॅकमोर पिक न वापरता दोन तारा बोटांनी एकदम खेचतो. त्यामुळे दोन्ही सूर सुटे ऐकू येतात. शिवाय त्या ‘गिटार’मध्ये निम्मं काम जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनचं आहे, तो त्याने गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवलाय. पोराला हेडफोन लावून मूळ गाणं ऐकव. आधी नुसती गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, आणि सगळ्यात शेवटी बास येतो. तो आला की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी. ग्लोव्हर तिथे फक्त एकच सूर धडधडवतो, पण तो नसेल तर सगळं हवेत लोंबकळतं.

तेव्हा त्याला एक बास वाजवणारा मित्र शोधून दे. आणि दोघांना तालमीला तुझ्याकडे नको, गच्चीवर बसव. वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीत येतोच आहे, तेव्हा भांडू.

तुझा,
अव्या