बाराव्या शतकात कुंपण नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जाउस्टिंगवरील (म्हणजे दोन घोडेस्वारांच्या भाल्यांनी होणाऱ्या एकास एक झुंजीवरील) लेखासोबत ‘बाराव्या शतकातील द्वंद्व’ म्हणून छापलेल्या चित्रात अखंड पोलादी चिलखत घातलेले दोन नाइट लाकडी कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांवर चालून येताना दिसतात. असे दृश्य पंधराव्या शतकाआधी दिसणे शक्य नाही. शाळकरी मुले अशी चित्रे कापून वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र.

भाला बगलेत आवळून घोड्याच्या वेगासकट शत्रूवर आदळायची पद्धत युरोपात अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण करणाऱ्या बायोच्या भरतकामात काही स्वारांनी भाला डोक्यावर उगारला आहे, तर काहींनी बगलेत धरला आहे. धडकेचा उलटा धक्काही तितकाच जबर. त्यात स्वार मागे फेकला जाऊ नये म्हणून रिकिबीइतकीच, किंबहुना जास्तच, गरज असते ती खोगिराच्या उंच पाठीची.

या कौशल्याचा सराव चाले तो टूर्नामेंटमध्ये. तिथे दोन तट मैलोन्‌मैल मोकळ्या मुलखात लढत. पकडलेल्या नाइटचा घोडा व चिलखत जिंकणाऱ्याचे, शिवाय सुटकेची खंडणी. इंग्लंडचा नामांकित नाइट विल्यम मार्शल याचा उत्कर्ष यातूनच झाला. 1130 मध्ये चर्चने बंदी घातली, टूर्नामेंटमध्ये मरणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारले. ही बंदी 1316 मध्ये उठली. इंग्लंडात मात्र पहिल्या रिचर्डने 1194 मध्येच पाच जागा ठरवून परवाना फी लावली : अर्लला (बड्या सरदाराला) 20 मार्क (तेव्हाचे चलन), भूमिहीन नाइटला 2.

एकास एक झुंज सुरुवातीला या धुमश्चक्रीची नांदी होती. तेराव्या शतकात ती स्वतंत्र खेळ म्हणून वाढली आणि भाल्याला टोकदार पात्याऐवजी तीन-चार बोथट दातांचा मुकुट बसू लागला. तरी घोडे समोरासमोर आदळत, गुडघे फुटत. म्हणून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस मध्ये आधी कापड ताणले गेले, मग फळ्या आल्या. कुंपण डाव्या हाताला ठेवून भाला घोड्याच्या मानेवरून तिरका धरायचा, त्यामुळे घाव डाव्या अंगावर बसे आणि चिलखतही त्याच बाजूला जाड केले जाई. बेडकाच्या तोंडासारखे दिसणारे शिरस्त्राण छातीच्या पत्र्याला पक्के जखडलेले असे. पुढे वाकले तरच फटीतून दिसे. टक्कर होण्याच्या क्षणी स्वार ताठ होई आणि फट वर गेल्याने भाल्याच्या चिरफळ्या डोळ्यांत जात नसत. भाला उशिरा खाली आणला तर टोक हेलकावते आणि नेम चुकतो. ऐन क्षणी डोळे मिटण्याची खोड तर पोर्तुगालचा राजा दुआर्ते याने आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथात मुद्दाम नोंदवली आहे.

कुंपण आले तरी धोका संपला नाही. 30 जून 1559 रोजी पॅरिसमध्ये अशाच झुंजीत प्रतिस्पर्धी माँगोमेरीच्या मोडलेल्या भाल्याच्या चिरफळ्या शिरस्त्राणाच्या झडपेतून शिरल्या आणि फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 10 जुलैला मरण पावला.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी. बाराव्या शतकाचे चित्र द्यायचे तर कड्यांचे चिलखत, लांबट ढाल आणि उघडे माळरान दाखवावे.

आपला,
युरोपीय युद्धकलेचा एक अभ्यासक, पुणे