उलव्याच्या फ्लॅटबद्दल

कल्याण

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास. बोलायला लागलो की आपले दोघांचेही आवाज चढतात, म्हणून लिहिते आहे. घे किंवा घेऊ नकोस, यातलं काही मी सांगणार नाही. तुझं डोकं आमच्यापेक्षा चांगलं चालतं, हे मी सगळ्या बिल्डिंगला सांगत असते.

फक्त हप्त्याचं तेवढं बघ. ६० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे महिन्याला ५२ हजार. भाडं वीसेक हजार येईल असं तूच म्हणालास. वरचे तीस दर महिन्याला खिशातून.

अटल सेतू झाला, विमानं उडायला लागली, भाव अजून चढणार, हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन २०१८ चं आणि विमान उडालं २०२५ च्या डिसेंबरात. मधली सगळी वर्षं तिथले एजंट विमानतळच दाखवून घरं विकत होते. आजच्या भावात ते सगळं आधीच धरलेलं आहे, बाळा. आणि व्याज एका जागी राहत नाही. २०२२ च्या मेपासून दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर आपल्या कर्जाचं व्याज हलतं, तो ४ वरून साडेसहावर गेला, तेव्हा सुनीलमामाची काय गत झाली ते आठव.

बाबांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा तू चौथीत होतास. हप्ता मी साड्यांत मोजायचे, किती फॉल-पिको झाले म्हणजे किती भरले. तू शेजारी बसून रिळं लावायचास. निळ्याच्या चार छटा, मशीनच्या पिवळ्या बल्बखाली मला ओळखू यायच्या नाहीत, तुला यायच्या. शैलाताई म्हणायची, हा मुलगा कुठल्या कुठे जाईल. गेलास.

कुठून कुठे आले बघ. घ्यायचंच ठरलं, तर करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नकोस, कायदाच आहे तसा. महारेरावर, म्हणजे बिल्डरांची नोंद असते त्या सरकारी साइटवर, ताब्याची तारीख बघ, ती किती वेळा पुढे ढकलली तेही बघ. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, किती वर्षं उरलीत ते विचार. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलंस तर पाच टक्के जीएसटी तरी वाचेल. झालं, पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस, तुला हे सगळं माहीत असणार. पण वर्षभराचे हप्ते बाजूला काढून ठेवलेत का, एवढंच सांग.

बाबा काही बोलत नाहीत. कालपासून पेपरातली घरांच्या जाहिरातींची पानं मात्र वाचतायत.

तुझी,
आई

ता. क. मृण्मयीला बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळेल, ते ठीक. त्यानंतर तिला घरी थांबावंसं वाटलं तर? हप्ता दोघांच्या पगारावर धरला आहेस की तुझ्या एकट्याच्या?