नरसू, तांदूळ मशीनमध्ये अडकलाय

सोलापूर
रविवार रात्र

प्रिय नरसू,

घरी सगळे ठीक. बाबांची शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस आणि भांडायला लागतोस. कागदाला तोडता येत नाही. पूर्ण वाच, मग भांड.

आमचा कॉलेजचा एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजना) ग्रुप सध्या कुंभारीला जातोय, रे नगरात. जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या, ती वसाहत. सोलापूरचा निम्मा पूर्व भाग तिकडे गेलाय असं वाटतं बे, जिन्याजिन्यात विड्यांची सुपं. पोरांनी धान्याची किटं जमवली होती: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर. एका घरी एक अव्वा, म्हणजे आजी, आणि तिचा सहा-सात वर्षांचा नातू. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला. किट पुढे केलं तर तिने हात लावला नाही. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलली. म्हणाली, "हे राहू दे बाबा. माझा तांदूळ मशीनमध्ये अडकलाय, तेवढा काढून दे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिने दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. बोटांच्या टोकांवर रेषा नाहीत, नरसू. कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा आवळायचा, तोंड दुमडायचं, आणि हे चाळीस वर्षं. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागतच नाही. पदराला पुसून झाला, साबणाने धुऊन झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबूही चोळून झालं. दुकानदार म्हणतो, मशीन घेत नाही, मी काय करू? चार महिने धान्य नाही. कार्डावर तीन माणसं, प्रत्येकी ५ किलो, म्हणजे महिन्याला १५ किलो. २०२३ पासून त्याला पैसेही पडत नाहीत. आणि ही बाई शेजारणीकडून वाटी वाटी उसनं आणतेय.

तू तिथे हवा होतास. बँकेत तुझ्या अम्मांचा विड्यांनी झिजलेला अंगठा लागेना, तेव्हा तू काउंटरवर ज्या आवाजात बोलला होतास, तो आवाज माझ्याकडे नाही. ग्रुपमधल्या कुणालाच त्या हातांचा अर्थ एका नजरेत कळला नसता. मला कळला तो तुमच्या ओसरीवर बसून अम्मांच्या हातची आंबट आमटी खाल्लीय म्हणून.

तरीही मी किट तिथे ठेवूनच आलो. हे वाचून तू भडकणार. कॅम्पातलं आपलं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. लग्नात उरलेलं अन्न झोपडपट्टीत न्यायचं ठरलं होतं आणि तू म्हणालास, उरलेलं त्यांना आणि ताजं आपल्याला, हा कुठला न्याय? वर बहात्तरच्या दुष्काळाचं उदाहरण: रोजगार हमीचा कायदा लोकांनी काम मागितलं म्हणून झाला, सुकडी (खायचं पौष्टिक पीठ) वाटली म्हणून नाही. बरोबर आहे बे. पण त्या घरात पोरगं संध्याकाळी जेवणार होतं का, हा प्रश्न त्या संध्याकाळचाच होता. हक्क मिळेपर्यंत पोट थांबत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. किट ठेवलं. फोटो मात्र काढू दिला नाही, त्यावरून ग्रुपमध्ये वाजलं ते वेगळंच. देणगीदाराला बॅनरसकट फोटो हवे होते.

मग अव्वाचा तांदूळ काढायला लागलो. अंगठा लागला नाही तर मोबाइलवर ओटीपी मागवून धान्य देता येतं. पण आधारला नंबर मुलाचा. तो मागावर, फोन पेटीत. रात्री त्याचा फोन सुरू, तर इथे दुकान बंद. शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी दुकानात उभा, तो तिकडे फोन धरून, लाइनमधल्या बायका आकडे मोठ्याने म्हणतायत, असं करून पावती निघाली. अव्वाने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. लाइनीत कुणीतरी टाळी वाजवली.

पण ते एका महिन्याचं. मागचे चार महिने गेले. २०१३ च्या कायद्यात लिहिलंय की हक्काचं धान्य मिळालं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राने राज्यांना कळवलंय की अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. दोन्ही कागद जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तिथे काही झालं नाही तर राज्य अन्न आयोग आहे. पुरवठा शाखेतला एक क्लार्क भला निघाला, त्याने स्वतः उठून १९६७ वर तक्रार कशी नोंदवायची ते दाखवलं.

आता खरी काळजी सांगतो. अव्वा एकटी नाही. आम्ही वही घातली, तर एकेका जिन्यात दोन-दोन, तीन-तीन घरं निघाली. कुणाचा अंगठा लागत नाही, कुणाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलीय, कुणाचं कार्ड अजून शहरातल्या जुन्या दुकानावर आणि तिथे जायला रिक्षाचे पैसे तांदळाच्या किमतीएवढे. खरं तर कार्ड कुठलंही असो, धान्य कुठल्याही दुकानातून उचलता येतं, पण हे दुकानदार सांगत नाही आणि बायकांना माहीत नाही. चेहरा दाखवून ई-केवायसी होते, तर त्यालाही आधारला जोडलेला नंबर लागतो. प्रत्येक घरामागे तीन-चार खेपा. आणि एप्रिलमध्ये परीक्षा. आम्ही थर्ड इयरवाले गेलो की वही कुणाकडे? ज्युनियर पोरं चांगली आहेत, पण एनएसएसचे १२० तास भरायचे तर त्यांना किटवाटप सोपं वाटतं. एका सकाळी पन्नास घरं होतात. पुरवठा कार्यालयात एका सहीसाठी दुपार जाते आणि त्याचा फोटो कसला काढायचा?

मला रात्री हेच सतावतं. बायका आता नावाने हाक मारतात. "महेश, माझं कधी?" म्हणतात. जूनमध्ये त्या कुणाला विचारणार? सर म्हणतात, तुम्ही केलं तेवढं पुष्कळ. मला ते पटत नाही. वहीत नाव लिहून घेतलं म्हणजे शब्द दिला.

एक वाट सुचलीय. वसाहतीतल्याच दहावी-बारावी झालेल्या पोरी, ज्या आईला विड्या बांधू लागतात, त्यांना सगळं शिकवायचं. ओटीपी, अर्ज, पोच, अपील. वही त्यांच्याकडेच ठेवायची. दोघी तयार झाल्यात, त्यातली एक तुझ्यापेक्षा भांडखोर आहे, म्हणजे काम होईल.

तुझं कसं चाललंय? मेसचं जेवण सुधारलं का? पूर्व परीक्षेचं काय झालं ते कळव. गड्डा यात्रेला आला नाहीस, अम्मा दोन दिवस गप्प होत्या. आता तरी ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय, पण पाठवणार नाही, स्वतः येऊन ने.

आणि हे नक्की कर. माझ्या तेलुगूला बायका हसतात. अंगठा लागला नाही तर काय म्हणायचं, कुठला कागद मागायचा, पोच का सोडायची नाही, हे तुझ्या आवाजात तेलुगूत रेकॉर्ड करून पाठव. दोन-दोन मिनिटांचे तुकडे कर, व्हॉट्सअॅपवर फिरवता येतील. भाषण नको. अम्मांशी बोलतोस तसं बोल. पुढच्या रविवारी पोरींना घेऊन बसणार आहे, त्याच्या आत पाहिजे.

तुझा,
महेश